नॅनच्या हाताची वाटणी

नॅन विल्माचा हात पाठीवरून फिरला की आमच्या आर्माडेल उपनगरातली भुंकणारी कुत्रीही गप झोपायची. आम्ही नूंगार, या भूमीची मूळची माणसं, थोडं वाढवून सांगतो, पण खोटं नाही.

तो हात जन्मापासून एकट्या टेनीकाचा होता. ही नात नॅनपाशी, म्हणजे आजीपाशीच वाढलेली. संध्याकाळी कोचावर, टीव्हीसमोर, नॅनच्या कुशीत तिची जागा ठरलेली. मग तिचा चार वर्षांचा मावसभाऊ लीवाय राहायला आला. त्याची आई दूर खाणीवर डंपर चालवायची. पोरगं डोळ्यांनी गोड आणि अंगभर खाजरं.

"कातडी कोरडी पडलीय लेकराची," म्हणत नॅन रोज त्याला मांडीवर घेऊन इमूचं तेल चोळायला लागली. इतकं चोळलं, की त्या साली इमू नॅनचं घर टाळून लांबच्या वाटेनं जायचे.

टेनीका कोचावरून जमिनीवर आली. अशी जळायची, की तिच्या डोक्यावर पाव भाजून निघाला असता.

"नॅन, माझीपण पाठ खाजते."

नॅननं शर्ट वर करून पाहिलं. "कुठं काय? गुळगुळीत आहेस नुसती. जा, लीवायला पाणी आण."

पाणी आण म्हणे! टेनीकानं आणलं, आणि त्यातलं अर्धं लीवायच्या डोक्यावर सांडलं. चुकून, असं ती म्हणाली.

मग तिनं ठरवलं, त्याला जे झालंय ते आपल्यालाही झालंच पाहिजे. ती त्याच्या चादरीत झोपली, त्याचा शर्ट घालून हिंडली, तासन् तास त्याचा हात धरून बसली. नॅन शेजाऱ्यांना सांगायची, "बघा, किती माया भावावर!" लीवाय इतका हरखला, की आपलं बिस्किट आधी तिला द्यायचा. त्यानं तर ती आणखीच चिडायची. जळावं म्हटलं तर हा धड जळूही देत नाही!

आठवडे गेले. तिनं आशा सोडली, आणि एका सकाळी बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. काय ती खाज! तिच्या खाजवण्यानं बाक हललं, बाकानं वर्ग, आणि वर्गानं कोपऱ्यावरचं रेल्वेचं फाटक आपोआप उघडलं.

"नॅन! मलापण आलं!" ती नाचत घरी आली.

आता मात्र नॅन दोघांना घेऊन आमच्या लोकांच्या दवाखान्यात गेली. तिथं होती आंटी कोरली, कातडीची डॉक्टर, नात्यातलीच. तिनं भिंग लावून बेचक्या पाहिल्या.

"आंटी विल्मा, ही कोरडी कातडी नव्हे. खरूज आहे."

नॅनचा चेहरा उतरला. "माझ्या घरात? अगं, मी चादरी उकळून काढते!"

"राजवाड्यातही होते. आपण पोरांना कुशीत घेतो, एकत्र झोपतो, तसं लागतं. त्यात लाज कसली? मलमानं जाईल."

टेनीका पुढं सरकली. "मलाच लावायचं ना? नॅननंच?"

"तुलाच का? घरात जो जो राहतो त्या सगळ्यांना. एकाच संध्याकाळी, मानेपासून तळपायापर्यंत. आठवड्यानं पुन्हा. एक जरी सुटला, तरी सगळी खाज परत."

"अंकल डूलीलापण?" अंकल डूली कधीतरी नॅनच्या घरी फुटबॉलची एक मॅच बघायला आला होता, तो अजून तिथंच बसून बघत होता.

"डूलीला तर आधी!"

टेनीकाचं तोंड एवढंसं झालं. एवढ्या कष्टानं मिळवलेलं दुखणं, आणि त्यात सगळं गाव वाटेकरी!

त्या संध्याकाळी न्हाणीघरापासून थेट अंगणाच्या फाटकापर्यंत रांग लागली. नॅनचा हात डूलीच्या पाठीवर फिरला, तो गुदगुल्यांनी किंचाळला. मग घरात मुक्कामाला असलेल्या भाच्यांवर, मग लीवायवर, जरा जास्तच सावकाश. टेनीकाची पाळी आली तेव्हा हात दमलेला होता. भराभर फिरला. "झालं. पुढचा!"

पुढचा कुणी नव्हताच. नॅन टबाच्या काठावर टेकली.

"तुझ्या पाठीला कोण लावणार?" टेनीकानं विचारलं.

नॅनच्या पाठीवरून कुणाचा हात कधी फिरला होता, हे तिलाही आठवेना.

"मी लावतो!" लीवायनं ट्यूब उचलली. टेनीकानं ती हिसकावली, त्याला बाहेर ढकललं, मागून आलेल्या डूलीलाही, आणि कडी घातली.

ती मलम चोळू लागली. नॅननं डोळे मिटले. "किती मऊ हात गं तुझा..."

बाहेर लीवाय दार बडवत होता. "मलापण लावायचंय!"

"घे गं त्याला आत," नॅन म्हणाली. "अजून झालं नाही का?"

पाठ केव्हाच पांढरी झाली होती.

"नाही अजून," टेनीका म्हणाली, आणि ट्यूब पुन्हा पिळली.