ट्रकांच्या टपावरून गणिताच्या पेपरला

सांगतो, पण तुम्हाला पटणार न्हाय. अख्ख्या भिवंडीत ट्रकांच्या टपावरून चालत जाऊन दहावीचा पेपर दिलेली एकच पोर हाय. ही, माझी नात संघरत्ना. आज निकाल लागलाय, आधी तिच्या हातचा पेढा घ्या.

दिवाळीनंतर पोरीला कावीळ झाली. शाळा बुडाली ती बुडालीच. बाई म्हणाल्या, यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बसव. पोरगी अंथरुणातनं म्हणते, "आजोबा, माझा वर्ग पुढं जाणार नि मी मागं राहणार? न्हाय जमायचं." उसाचा रस पीत पीत गणितं सोडवली तिनं.

तर शुक्रवारी गणिताचा पेपर. शेलारहून हरेशच्या रिक्षात आम्ही दोघं निघालो. नाक्याच्या अलीकडे गोदामाकडे वळणारा एक कंटेनर रस्त्यात आडवा अडकलेला. पुढं ट्रक, मागं टेम्पो. हरेशनं इंजिनच बंद केलं.

"अरे, घे की पुढं!"

"कुठनं घेऊ दादा? तुमच्या डोक्यावरनं?"

साडेदहाला शाळेचं गेट बंद होणार. संघरत्नानं हॉलतिकीट असं मुठीत धरलेलं की घामानं त्यावरचा फोटो ओला झाला. शेवटी एवढंच म्हणाली, "आजोबा, गेलं का वर्ष?"

माझं डोकं फिरलं. सगळी उमर लूम दुरुस्त करण्यात गेली माझी, बसून राहतो काय! बाजूच्या कारखान्यात लूम धडाधड चाललेले. घुसलो आत. त्या आवाजात कोण कुणाचं ऐकतंय? नुसते ओठ हलवले, पोरीचा पेपर हाय! कारागिरांनी लूमवरचं कापड गरम गरम तसंच ओढून दिलं. आम्ही ते या टपावरनं त्या टपावर ताणून बांधलं. झाला पूल! पोरगी वर चढली नि सुटली. खालनं ड्रायव्हर ओरडतायत, "बिटिया, संभल के!"

शाळा दिसायला लागली, आणि तिथंच कापड संपलं. ही पाण्याच्या टँकरवर उभी, एक पाय हवेत. खाली शिपाई गेट ओढतोय. अर्धं गेट लागलं. मी कारखान्याकडं तोंड करून बोंबललो, अजून विणा रे! आणि सगळ्या लूमांनी एका दमात–

"आजोबा." संघरत्नानं पेढ्यांचा बॉक्स खाली ठेवला. "पेपर शुक्रवारी होता ना?"

"होता की. मग?"

"शुक्रवारी भिवंडीत लूमला सुट्टी असते. जन्म गेला तुमचा लूमवर, आणि एवढं विसरलात? कारखान्याला कुलूप होतं. तुम्ही रिक्षात डोळे गच्च मिटून बसला होतात. मी चपला हातात घेतल्या नि ट्रकांच्या मधनं एकटी पळत गेले!"