‘म’खालचा ठिपका

‘म’च्या गाठीखाली, सातव्या ओळीत, डावीकडून तिसरा ठिपका जास्तीचा होता. बाकी अक्षर बरोबर होतं: वर आठ ठिपक्यांची शिरोरेघ, उजवीकडे उभा दांडा. जुन्या टीव्हीच्या काचेवर ‘आमची शाळा’ एवढे दोनच शब्द उमटले होते. मी त्या एका ठिपक्याकडे बघत होते.

शेलूबाजारच्या आमच्या शाळेत हा संगणक १९८९ साली आला. टीव्हीला जोडायचा, घरगुती. त्याला फक्त इंग्रजी अक्षरं येत. पण प्रत्येक अक्षर म्हणजे आठ ओळींचे आठ आकडे, आणि ते आकडे बदलले की पडद्यावरचं अक्षर बदले. मी तेव्हा भौतिकशास्त्राची हंगामी शिक्षिका होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत चौकटीच्या वहीत ठिपके भरून मी मराठी अक्षरं बसवली आणि कॅसेटवर साठवली. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात ती मदनसिंग सरांच्या नावाने लागली. ते विभागप्रमुख होते, मला कायम करायची शिफारस त्यांच्याच हातात होती. कायम झाले की सांगू, असं मी ठरवलं. कायम झाले. मग ठरवलं, सर निवृत्त झाले की. मग, मी निवृत्त झाले की. आता आम्ही दोघंही निवृत्त झालो होतो. उद्या संगणक कक्षाला त्यांचं नाव द्यायचं होतं आणि मानपत्र मी वाचायचं होतं. ते लिहिलंही मीच होतं.

त्या कार्यक्रमासाठी यंत्र पुन्हा चालू केलं ते टीव्ही दुरुस्त करणाऱ्या फय्याजभाईंनी. सकाळी झाकण उघडलं तेव्हा आत झुरळांच्या अंड्यांची तपकिरी टरफलं चिकटलेली होती, पालीच्या लेंड्या होत्या, आणि बटणांखाली मेणासारखा मऊ मळ. फय्याजभाईंनी तो काडीने खरवडून कागदावर काढला. त्यात सुपारीचे बारीक तुकडे होते.

“मॅडम, इथं बसून कोन खर्रा खात होतं वो?” त्यांनी विचारलं.

दुपारी मदनसिंग सर आले. गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा होताच.

“चालू झालं? वा रे फय्याज! पाहा, तवा एवढ्या मोठ्या जिल्ह्यात कोनाले जमलं नोतं हे.”

“सर, हा टिपका कायचा हाय?” फय्याजभाईंनी विचारलं.

“धूळ असन. पूस.”

फय्याजभाईंनी काच पुसली. ठिपका तिथेच. मग सरांनी आपलं बोट ओठांना लावून ओलं केलं आणि ‘म’वर घासलं. काचेवर लालसर ओघळ उतरला. ‘म’ त्याच्यामागे बुडाला आणि ठिपका त्यातून चमकत राहिला.

“मंग तुयी चिपच खराब हाय,” सर म्हणाले. “बदलून टाक.”

“चिप आज सकाळीच नवी टाकली, सर. हा टिपका कॅसेटीतून येऊन राह्यला. ज्यानं आकडे देले, त्यानंच देला. म्हंजे तुमीच ना?” फय्याजभाई हसले. “का इसरले?”

“छत्तीस वर्सं झाली, बाबा. कायले डोकं खातं? उद्या तेवढ्यावर हार टाकून देजो, कोनाले दिसत नाही.”

एवढं बोलून त्यांनी कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात पिचकारी टाकली. थोडी डब्याच्या काठावर पडली. मला त्यांची किळस आली, हे खरं. पण ती जुनी होती, सवयीची. नवी किळस आली ती माझ्या पर्समधल्या कागदाची. ‘आपल्या प्रतिभेने मराठी अक्षरांना पडद्यावर आणणारे’, माझ्याच वळणदार अक्षरात. दर स्नेहसंमेलनात हेच वाक्य ऐकून मी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या मळात माझेही हात होते.

“मॅडम,” सर माझ्याकडे वळले, “मानपत्र जरा जोऱ्यानं वाचजा. तुमचा आवाज लय बारीक हाय.”

मी रुमालाने काच पुसली. दोनदा. रुमाल घडी न करता डब्यात टाकला.

“धूळ नाही ती,” मी म्हणाले. “सातव्या ओळीला दोन हा आकडा द्यायचा होता. मी चौतीस दिला. बेरजेत तिसऱ्या ठिपक्याचे बत्तीस जास्त धरले गेले. कॅसेट प्रदर्शनात गेल्यावर लक्षात आलं.”

फय्याजभाईंचा हात थांबला. सरांचं चघळणंही थांबलं.

“मॅडम, काय बोलून राह्यल्या तुमी?” सरांनी विचारलं.

“ही अक्षरं मी केली आहेत, सर. उद्या मानपत्र वाचणार नाही. स्टेजवर उभी राहून हेच सांगणार आहे.”