पाट्याखालची बाळंतीण

लुंबिनीला देगलूरच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली, तेव्हा तिच्या मायनं, सुमनबाईनं, पहिला प्रश्न विचारला तो, आपल्याला कधी निघायचंय? त्यातलं 'आपल्याला' लुंबिनीला खटकलं. नर्सिंग शिकायला ती नांदेडला गेली तेव्हाही माय पाठोपाठ आली होती. खोली केली, पोळ्या लाटायचं काम धरलं आणि तीन वर्षं रोज कॉलेजच्या फाटकाशी छत्री घेऊन उभी राहिली. हिवाळ्यातसुद्धा. वर्गातल्या पोरी लुंबिनीला 'छत्री' म्हणायच्या. या खेपेला एकटीनं राहायचं असं तिनं पक्कं ठरवलं होतं. मायला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

मुदखेडहून देगलूर काही विलायत नव्हे. पण तिकडं निम्मं गाव तेलुगू बोलतं, पोरीला कुणी 'जेवलीस का' विचारलं तरी कळायचं नाही, अशी सुमनबाईची काळजी. तिला स्वतःला तेलुगूचा एक शब्द येत नव्हता, ती गोष्ट वेगळी. रुजू व्हायला बारा दिवस होते. तिनं भांडी पोत्यात भरली, गाद्या बांधल्या आणि शेवटी परसातला पाटा काढायला गेली.

पाट्याखाली विंचू होता. सुमनबाईनं चप्पल उगारली, तेव्हा त्याच्या पाठीवरची पिल्लं दिसली. तांदळाएवढी, पांढरी, एकमेकांना चिकटून बसलेली. बाळंतिणीला मारत नाहीत, असं म्हणून तिनं पाटा जसाच्या तसा ठेवला. पाट्याशिवाय बिऱ्हाड कसं हलवायचं? बांधाबांध अडली.

शेजारच्या खातूनबीनं भिंतीवरून ऐकलं आणि ती चुकचुकली. "विंचवीण जगत न्हाई, सुमनबाई. पिल्लंच खातात माँला. पाठीवर बसून."

सुमनबाईला फार वाईट वाटलं. त्या दिवशी जेवताना तिनं लुंबिनीकडं दोनदा निरखून पाहिलं.

मग रोज सकाळी चहाच्या आधी पहारीनं पाट्याची कड उचलायची, डोकवायचं आणि खातूनबीला खबर द्यायची. अजून जिवंत आहे. काडी जवळ नेली की नांगी वर करते, पिल्लांना हात लावू देत नाही. अगदी माझ्यासारखी आहे, असंही ती कौतुकानं म्हणाली. लुंबिनीनं दाराला टांगलेल्या छत्रीकडं पाहिलं आणि चहा पिऊन टाकला.

आठव्या दिवशी पिल्लं करडी झाली आणि उतरली. एकेक करून विटांच्या फटींत गेली. विंचवीण जागची हलली नाही, कुणाच्या मागं गेली नाही. सुमनबाईला तिचा रागच आला. एक पिल्लू मात्र मायच्या पायाशी घुटमळत राहिलं. हेच खरं गुणाचं, असं तिनं खातूनबीला सांगितलं.

दहाव्या दिवशी पाटा उचलला, तर ते गुणाचं पिल्लू विंचविणीच्या तोंडात होतं. अर्धं.

सुमनबाईनं उकिडवं बसून पुन्हा एकदा नीट पाहिलं. मग पाटा हळूच खाली ठेवून भिंतीपाशी गेली.

"खातूनबी, तुम्ही उलटं सांगितलं."

दुपारी तिनं पोती सोडली. भांडी पुन्हा मांडणीवर गेली. लुंबिनीच्या पिशवीत तिनं एक ताट, एक तांब्या आणि चटणीचा डबा घातला. वरून छत्री खोचली. मी येत नाही, एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर देगलूरची गाडी लागली, तरी लुंबिनी चढेना. जे सांगायला ती इतके दिवस धीर गोळा करत होती ते न सांगताच झालं होतं, आणि आता तिचेच पाय निघत नव्हते.

"अजून एक दिवस हाय, माय. उद्या जाते की."

पोरीला कवेत घट्ट धरून घरी न्यावं, असं सुमनबाईला फार वाटलं. म्हणून ती दोन पावलं मागं सरकली.

"आत्ताच जा," ती म्हणाली. "माझा भरवसा न्हाई."