मुकादमाचे बूट

फक्रुद्दीन नालबंदांनी आयुष्यात किती बैल आडवे पाडले, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. पायात दोरीचा फास, एक हिसका, की भलाथोरला खिल्लार धप्पकन मातीत. मग पाय बांधायचे, खूर तासायचे, त्यांना लोखंडी पत्र्या ठोकायच्या. शिंगाला आणि लाथेला ते कधी भ्यायले नाहीत. भ्यायचे ते फक्त कुत्र्याला. तासलेल्या खुरांचे तुकडे कुत्र्यांना फार आवडतात. लहानपणी वडिलांशेजारी बसलेले असताना अशाच एका तुकड्यावरून दोन कुत्री जुंपली आणि चावा बसला तो यांच्या पोटरीला. तेव्हापासून समोरून कुत्रं आलं, की नालबंदांना पलीकडच्या गल्लीत काम आठवायचं. हे गुपित फक्त त्यांच्या बायकोला, बद्रुन्निसाबींना ठाऊक होतं, आणि त्यांनी ते इमानानं जपलं होतं.

त्यामुळेच शेजारच्या केशरबाईंची चूक झाली. मुलगा वैजनाथ आणि सून यांच्याबरोबर त्या ऊसतोडीला निघाल्या होत्या; कोयता त्या दोघांचा, भाकरी आणि नातवंडं केशरबाईंकडे. ट्रॅक्टरमध्ये बोचकी चढत असताना त्या आपला कुत्रा दोरीला धरून नालबंदांच्या दारात आल्या. कुत्र्याचं नाव मुकादम. काम काडीचं करत नाही आणि दिवसभर सगळ्यांवर भुंकतो, म्हणून केशरबाईंनीच ते ठेवलं होतं.

"गेल्या साली कारखान्यापाशी ट्रकाखाली जाता जाता वाचलाय," त्या म्हणाल्या. "यंदा न्यायाचा न्हाई. नालबंद, तुमी बैलं सरळ करता, ह्ये तर कुत्रं हाय. संबाळाल न्हवं?"

चारचौघांत काय सांगणार? "ठेवा की," फक्रुद्दीन म्हणाले. "माझा शब्द आहे."

बद्रुन्निसाबींनी पदर तोंडाला लावला आणि त्या घाईनं आत गेल्या.

ट्रॅक्टर वळणाआड गेला आणि मुकादमानं दोरी कुरतडून त्याच्यामागं धूम ठोकली. भर दुपारची वेळ, दसऱ्यानंतरचं कडक ऊन, तापलेलं डांबर, आणि पुढं रस्त्याच्या कामाची उघडी खडी. तो परत आला दिवेलागणीला, एकेक पाय उचलून झटकत. कडुनिंबाखाली अंग टाकलं आणि तळपाय चाटत बसला. पायांच्या गाद्यांवर फोड येऊन फुटले होते, कातडी लोंबत होती, आत बारीक खडे रुतले होते.

बद्रुन्निसाबींनी जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला. कोमट पाण्यानं धुवा, खडे काढा, लोंबती कातडी ओढू नका, कोरडं करून मलम लावा, पट्टी सैल बांधा, चाटू देऊ नका आणि रस्त्यावर अजिबात जाऊ देऊ नका, असं त्यांनी सांगितलं. मलमाचं नावही सांगितलं.

फोन ठेवतात तोच केशरबाईंचा आला. बद्रुन्निसाबींना खोटं बोलता येत नाही; झालं ते त्यांनी सांगून टाकलं.

 मग केशरबाई म्हणाल्या, "बी, ऱ्हात नसंल तर ऱ्हाऊ द्या. आयतवारी आमचा पुतन्या गोरक्ष गावाकडं टेम्पो घिऊन यायचाय. त्येच्यात घालून धाडा. ट्रकाखाली जायाचंच आसंल, तर माज्या डोळ्यांम्होरं जाईल."

हे ऐकत जेवायला बसलेल्या फक्रुद्दीननी ताट पुढं सरकवलं. दिलेला शब्द एक दिवससुद्धा टिकला नव्हता.

"अहो, दोरी आणू का?" बद्रुन्निसाबींनी विचारलं. "आडवं पाडायला?"

"गप बस."

"नाही, घाम आलाय तुम्हाला, म्हणून विचारलं."

कुत्र्याची लाळ लागलेल्या कपड्यांत नमाज चालत नाही, म्हणून नमाजाचे कपडे वेगळे ठेवून, जुनी लुंगी गुंडाळून ते निंबाखाली गेले. तोंडाच्या बाजूनं जाण्याची हिंमत नव्हती, म्हणून मागून गेले. खुराचा एक मोठा तुकडा लांबूनच मुकादमापुढं टाकला. तो चघळण्यात गुंतला, तेव्हा त्यांनी डोळे मिटून मागचा पाय हातात घेतला.  पाय तळहातात आला आणि हातांना आपलं काम आठवलं. बैलाचा असो की कुत्र्याचा, दुखरा पाय दुखऱ्या पायासारखाच जड लागतो. त्यांनी पाय धुतले, एकेक खडा टिपला, बोटांच्या बेचक्या फडक्यानं कोरड्या केल्या, मलम लावलं. मुकादम एकदा गुरगुरला. नालबंद पायरीवर जाऊन बसले. तो गप्प झाल्यावर पुन्हा आले.

सकाळी पट्ट्यांच्या चिंध्या झाल्या होत्या. पुन्हा बांधल्या, पुन्हा फाडल्या. तेव्हा नालबंदांना नालबंदाचंच सुचलं. जुन्या मऊ चामड्याचे चार इवलेसे बूट त्यांनी शिवले, आत कापूस, वर नाडी. पट्ट्यांवरून ते चढवले आणि अभिमानानं बाजूला झाले.

मुकादम उभा राहिला. एक पाय उचलून त्यानं हवेत धरला. मग दुसरा. मग वरातीतल्या घोड्यासारखा पाय आपटत, उचलत तो अंगणात गोल फिरला. बद्रुन्निसाबी भिंत धरून हसत होत्या. दळण घेऊन निघालेल्या बायका डबे खाली ठेवून थांबल्या.

"आता पत्र्या ठोका म्हणजे झालं," त्यांच्यातली एक म्हणाली.

तेवढ्यात मुकादमाच्या लक्षात आलं, की पाय दुखत नाहीत. त्यानं कान टवकारले आणि बुटांसकट तो रस्त्याला लागला.

"अहो, पळाला तो."

फक्रुद्दीननी मोपेड काढली. गावाबाहेर एक बूट सापडला. तो खिशात टाकून ते पुढं गेले. मुकादम सापडला तिसगावच्या फाट्यावर. रस्त्याकडेच्या मातीत बसून आळीपाळीनं दोन्ही रस्त्यांकडं बघत होता. ट्रॅक्टर कोणत्या रस्त्यानं गेला, ते त्याला कळत नव्हतं.

फक्रुद्दीन गाडी लावून थोड्या अंतरावर बसले. मग आणखी थोडं जवळ.

"मलाही नक्की ठाऊक नाही रे," ते म्हणाले. "आणि ठाऊक असतं तरी सांगितलं नसतं."

आता याला न्यायचं म्हणजे उचलायचं. उचलायचं म्हणजे तोंड तोंडाशी येणार. मदतीला हाक मारावी असं आसपास कुणी नव्हतं. त्यांनी मनातल्या मनात बिस्मिल्ला म्हटलं, दोन्ही हात खालून घातले आणि उचललं. मुकादमाचं अंग ताठ झालं. मग हळूहळू ते सैल पडलं, आणि त्यानं जड डोकं नालबंदांच्या खांद्यावर टेकवलं. कानाशी त्याचा गरम श्वास लागत होता. फक्रुद्दीन तसेच उभे राहिले, जरा जास्तच वेळ.

मोपेडवर पुढ्यात कुत्रा घेऊन नवरा आला, तेव्हा बद्रुन्निसाबी दारातच उभ्या होत्या. अंघोळीचं पाणी त्यांनी आधीच तापवून ठेवलं होतं.

रविवारी गोरक्ष आला. टेम्पोला केशरबाईंच्या माणसांचा वास असावा. मुकादम शेपटी हलवत स्वतःच उडी मारून वर बसला.  फक्रुद्दीननी मलम, कापूस, बूट एका पिशवीत भरले.

"दोन वेळा लावायचं," ते गोरक्षला म्हणाले. "असा पाय धरायचा. मागचा आधी. धरून बघ."

गोरक्षनं हात लावला. मुकादमानं सगळे दात दाखवले.

"चाचा, ह्ये माज्याच्यानं व्हायचं न्हाई."

"अरे, काही करत नाही तो," म्हणत फक्रुद्दीननी मलमाचा हात पुढं केला. मुकादमानं पाय त्यांच्या तळहातावर ठेवला. एक झाल्यावर दुसरा. मग तो टेम्पोतून उतरला, निंबाखालच्या पोत्यावर जाऊन पाय ताणून पडला आणि उरलेल्या दोन पायांसाठी थांबला.

गोरक्षनं केशरबाईंना फोन लावून हे सगळं सांगितलं. त्यांनी फोन नालबंदांकडं द्यायला सांगितला.

"बसंना व्हय गाडीत?"

"बसला होता. उतरला."

"मेल्याला तीन वर्सं भाकर मी घातली," केशरबाई म्हणाल्या. पण आवाजात हसू होतं. "ऱ्हाऊ द्या मंग. जीव भांड्यात पडला माजा. पर नालबंद, मी आल्यावर माजा मला परत द्याल न्हवं?"

हंगाम संपायला अजून पाच महिने होते. फक्रुद्दीननी मुकादमाच्या पायाकडं पाहिलं. नवी कातडी गुलाबी होऊन धरत होती.

"आधी पाय तर बरा होऊ द्या," ते गंभीरपणानं म्हणाले.