चारशे सदतिसाव्या पानावरची मारिएत

मित्रांनो, मी एक जुना चरित्रग्रंथ आहे. माझ्या बोलण्यात कडवटपणा जाणवला, तर आधीच क्षमा मागतो. अंगावर चारशे चौसष्ट पाने वागवायची आणि ओळखले जायचे फक्त अठरा पानांसाठी, हे तुमच्या वाट्याला आले असते, तर तुम्हीही असेच बोलला असता.

माझे जनक आँसेल्म कुर्ताद पॅरिसात एका पाचव्या मजल्यावर राहत. फ्रान्सच्या कवी-लेखकांची चरित्रे लिहिण्यात त्यांचा जन्म गेला. मला दहा भावंडे आहेत. एक दरबारातल्या पत्रलेखिकेचे चरित्र, एक तुरुंगात बसून नाटके लिहिणाऱ्या नटाचे. बाकीची अशीच विसरलेल्या माणसांची. कुर्ताद एका माहितीला एक कार्ड वापरत आणि ती कार्डे बुटांच्या रिकाम्या खोक्यांत ठेवत. कवी पावसात भिजला असे लिहायचे असेल, तर त्या दिवशी खरोखर पाऊस पडला होता का, हे ते आधी जुन्या नोंदींत शोधत. इतका काटेकोर माणूस! आणि त्याच माणसाच्या हातून ती चूक व्हावी, याची चीड मला अजून येते.

माझा नायक मोंफ्रेल गावचा कवी, एत्येन लारोक. तो १७ ऑगस्ट १७९९ रोजी जन्मला. त्याच्या आईचे, मारिएतचे, लग्न राज्यक्रांतीच्या नव्या पंचांगातील सातव्या वर्षी, धुक्याच्या महिन्यात झाले. सातवे वर्ष म्हणजे १७९९, धुक्याचा महिना म्हणजे नोव्हेंबर, असे कार्डावर मांडून कुर्ताद मोकळे झाले. म्हणजे मूल ऑगस्टात आणि लग्न नोव्हेंबरात! त्यावर त्यांनी चौथे प्रकरण लिहिले: करुण, सुंदर आणि साफ चुकीचे. कारण त्या पंचांगाचे सातवे वर्ष १७९८ च्या सप्टेंबरअखेरीसच सुरू झाले होते. सातव्या वर्षाचा धुक्याचा महिना अजून १७९८ मध्येच होता.

पहिली आवृत्ती निघाली आणि मोंफ्रेलच्या जिभेला चव आली. हातमोजे शिवणारी लेओनी बर्तोमिए ही कवीच्या बहिणीची नात. मारिएत तिची सख्खी पणजी. ती पाव आणायला गेली की दुकानातल्या बायका एकमेकींना कोपराने ढोसत. एक म्हणे, "तुमच्यात आधी बारसं, मग लग्न, नाही का हो?" लेओनी त्रेसष्ट वर्षांची होती. तिने पाव टोपलीत टाकला आणि घरी जाऊन कुर्तादांना पत्र लिहिले: "मस्यू, माझ्या पणजीचं लग्न पानगळीत झालं आणि पोर पुढच्या उन्हाळ्यात. आमच्या घरात हे पोरासोरांना ठाऊक आहे. तुम्ही नीट मोजा."

कुर्तादांनी मोजले. मग टोपी न घालताच ते छापखान्यात धावले. दुसऱ्या आवृत्तीची, म्हणजे माझी, छपाई सुरू व्हायची होती.

"चौथं प्रकरण काढा," ते म्हणाले.

"आता? शिशाच्या पाट्या ओतून झाल्या, मस्यू. एक प्रकरण काढलं तर पुढची सगळी पानं हलतील. शेवटी टिपांत चार ओळींची जागा आहे, तिथे काय ते लिहा."

कुर्ताद भिडस्त होते. वाद त्यांना जमत नसे. त्यांनी त्या चार ओळींत आपली चूक कबूल केली, तीही मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत. अशा रीतीने एक्याऐंशीव्या पानापासून पुढे खोटे आणि चारशे सदतिसाव्या पानावर खरे, असे दोन्ही पोटात घेऊन मी जन्मलो. त्यांनी मला मोंफ्रेलच्या वाचनालयाला भेट दिले आणि लेओनीला पानाचा आकडा कळवला.

आमच्याकडे पुस्तके बंद पानांची येतात. मोठा कागद घडी घालून शिवतात. सोळा पानांच्या त्या एकेका फर्म्याच्या कडा वाचकाने सुरीने कापायच्या. त्यामुळे कोणी पुस्तक किती वाचले हे त्याच्या तोंडावरून कळत नाही, पुस्तकाच्या कडेवरून कळते. पॅरिसच्या एका समीक्षकाने मला 'अथांग' म्हटले होते. त्याची प्रत माझ्याच गठ्ठ्यातली. तिची प्रस्तावनेपुढची पाने अखेरपर्यंत बंद होती. मोंफ्रेलच्या वाचनालयाचे ग्रंथपाल ताल्पेर यांनी मला एकशे बारा पानांपर्यंत कापले, कारण जो येई तो चौथेच प्रकरण मागे. त्या अठरा पानांवर जॅमची बोटे उमटली, कॉफीची वर्तुळे उमटली, समासात उद्गारचिन्हे चढली. पुढे मात्र मी कुमारिकेसारखा कोरा होतो.

पुढे नगरपालिकेने कवीच्या घरावर शिला बसवायचे ठरवले. मजकुरात बापाचे नाव घेतले आणि आईचे वगळले. 'ग्रंथ पाहून' ठराव झाला म्हणे. वाचनालय नगरपालिकेच्याच इमारतीत, तळमजल्यावर; मी तिथल्या कपाटात होतो. माझी कोणती पाने त्यांनी पाहिली, हे मला विचारा!

अनावरणाच्या तीन दिवस आधी लेओनी कुर्तादांचे पत्र घेऊन वाचनालयात आली.

"चारशे सदतिसावं पान उघड, ताल्पेर."

"ते कापलेलं नाही, मादाम. मागणी लिहून द्या. मी कापणी सोमवारी करतो."

"आणि शिला बसणार रविवारी! वरच्या मजल्यावर आत्ता त्यांची बैठक चालू आहे, खाली अंगणात दगड तयार आहे, आणि तू मला सोमवार दाखवतोस?"

"नियम आहे, मादाम. वाचक कापायला लागले की पानं फाटतात."

"अरे, तुला स्वतःचं नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासून मी कोकराचं कोवळं कातडं कापतेय. आजवर एक बोट वाकडं कापलं नाही. सरक!"

तिने पिशवीतून आपली हातमोज्यांची सुरी काढली. मित्रांनो, पोलादाचा तो थंड स्पर्श मी विसरलेलो नाही. कडेचा एक तंतूही निघाला नाही. छपाईपासून कोंडलेली शाईचा वास असलेली हवा माझ्यातून बाहेर पडली. ताल्पेर यांनी चष्मा पुसून त्या चार ओळी वाचल्या. मग बोटांवर मोजले. मग पुन्हा मोजले.

"नऊ महिने आणि बारा दिवस," ते हळूच म्हणाले. "मादाम... मीच त्यांना सांगितलं होतं, ग्रंथ पाहिलाय म्हणून."

"मग आता तूच वर चल."

वर नगराध्यक्षांनी मला हातात घेऊन उलटसुलट केले. "पण एकोणनव्वदाव्या पानावर तर स्पष्ट लिहिलंय!"

"आणि चारशे सदतिसाव्यावर ते रद्द केलंय," ताल्पेर म्हणाले.

"म्हणजे हे पुस्तक नेमकं म्हणतंय तरी काय?"

काय म्हणतोय! दोन वर्षे मी तेच म्हणत होतो. एकाच खोलीत, एकाच कपाटातून.

अखेर मारिएतचे नाव शिलेवर घालायचे ठरले आणि सगळे अंगणात उतरले. पाथरवटाने हात झटकले. "खाली जागा नाही, साहेब. अक्षरं काठापर्यंत आलीत. वरची जागा मोकळी आहे, पण तिथे आपल्या नगराचं चिन्ह यायचंय."

"ते तर यायलाच हवं," नगराध्यक्ष म्हणाले. "कवी शेवटी नगराचा."

लेओनीने त्यांच्याकडे पाहिले. "हो का? मग नऊ महिने पोटात नगरानं वागवलं होतं का त्याला?"

पाथरवट आधी हसला. मग ताल्पेर हसले. नगराध्यक्षांनी मिशी कुरवाळली, आभाळाकडे पाहिले, आणि नगराचे चिन्ह कायमचे राहून गेले. रविवारी पडदा सरला तेव्हा शिलेवर सर्वांत वर, कवीच्याही वर, एकच नाव होते: मारिएत. कुर्ताद त्या दिवशी आले नाहीत. चुकलेल्या माणसाने समारंभात मिरवू नये, असे त्यांनी ताल्पेरना कळवले होते.

पुढे वाचनालयाच्या भिंती दोनदा रंगल्या. लेओनी गेली, ताल्पेर गेले. मित्रांनो, पुस्तकांना वाळवीपासून जपा, ओल लागू देऊ नका, हे तुम्हांला शाळेत सांगतातच. माझे मागणे याहून थोडे जास्त आहे. कुणाविषयी वाईट वाचलेत, तर ते दुसऱ्याच्या कानावर घालण्याआधी पुढची पाने उघडा. ज्याने लिहिले त्याने कदाचित पुढे कुठेतरी, अगदी बारीक अक्षरांत, मान खाली घातलेली असते.

आजही कोणी आले की चौथे प्रकरणच मागते. माझी तीनशे छत्तीस पाने अजून बंद आहेत. एत्येन लारोकने लिहिलेली प्रत्येक कविता त्यांतच आहे.