चारी बाजूंनी पाव इंच

"नोकरी सुटली की पुरुषमाणसाला एक कुत्रं आणून द्यावं," सासूबाई दातांत दोरा धरून पुटपुटल्या. "निदान त्याला फिरवायला तरी घराबाहेर पडतो."

आम्ही दोघी एकाच गोधडीवर गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो, म्हणून ते फक्त मला ऐकू आलं. पुरुषमाणूस म्हणजे त्यांचा सख्खा मुलगा आणि माझा नवरा. तो समोर जेवणाच्या टेबलाशी बसून एक्स्प्रेसचे टाके पट्टीने मोजत होता. एक्स्प्रेस म्हणजे आमच्याकडे शिवायला येणारी बाई. तिचं खरं नाव तिच्या नवऱ्याखेरीज कुणी उच्चारत नाही. सुई धरली की ती मधल्या कुठल्याही स्टेशनावर थांबत नाही, म्हणून एक्स्प्रेस.

"इंचात सात टाके," ह्यांनी जाहीर केलं. "सकाळी नऊ होते. असं कसं?"

"सकाळी उपाशी होते, साहेब," एक्स्प्रेस म्हणाली. "आता जेवलेय. हात जड झाला."

ह्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

माझा धंदा गोधड्यांचा. लोक घरातले जुने मऊ कपडे आणून देतात, मी त्यांचे चौकोन कापते, जोडते, आत थर घालते आणि आम्ही तिघी हाताने टाके घालतो. मला कुणी शिकवलं नाही. पहिली गोधडी चार वेळा उसवली आणि पाचव्यांदा कंटाळून तशीच ठेवली. शेजारणीला तीच आवडली. तेव्हापासून बारा वर्षं आमचा हॉल म्हणजे कारखाना. सोफ्यावर बसायचं तर आधी हात फिरवून बघायचं. भाजीत दोरा निघाला तर आमच्याकडे कुणी ओरडत नाही, रंग कुठला ते विचारतात. लेकीच्या मोज्यात एकदा सुई निघाली, तेव्हा ती लंगडत येऊन म्हणाली, "आई, तुझा कर्मचारी." एवढं सगळं सांभाळून घर चालत होतं आणि धंदाही चालत होता. दोन्ही थोडे तिरके, पण चालत होते.

हे बत्तीस वर्षं एका कारखान्यात पाइप नीट गोल आहे की नाही ते बघत होते. पाइप गोलच असतो असं आपल्याला वाटतं. तसं नसतं म्हणे. मग मागच्या वर्षी त्यांचं डिपार्टमेंट बंद झालं आणि पाइप गोल आहे की नाही हे एक यंत्र बघायला लागलं. हे घरी आले, खिडकीजवळच्या खुर्चीत बसले आणि तीन महिने तिथून उठले नाहीत. दाढी वाढली. पेपर यायचा, तसाच घडी केलेला परत रद्दीत जायचा. घरात आधी 'कारखाना' हा शब्द बंद झाला, मग 'पगार', मग 'पाइप'. स्वयंपाकघरातला पाइप गळायला लागला तेव्हा लेक मला म्हणाली, "आई, ते लांबट गळतंय."

आणि मग एका सकाळी हे उठले, माझी टेप उचलली, तयार गोधडीला लावली आणि म्हणाले, "ही डाव्या बाजूला पाऊण इंच कमी आहे."

सासूबाई डोळ्याला पदर लावून आत गेल्या. लेकीने माझा हात दाबला. मी म्हणाले, "अगंबाई, खरंच की!" तिथेच मी माती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दाढी झाली. तिसऱ्या दिवशी हॉलमध्ये पांढरा फळा आला. आठवड्याभरात सुया सही करून मिळायला लागल्या आणि सही करून परत जायला लागल्या. (मोज्यांचा प्रश्न सुटला, हे मान्य करायला हवं.) सासूबाईंनी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मुलाकडे अर्ज केला: जाड सुई एक, कारण आधीची बोथट. चांगल्या टाक्याला हिरवं टिकलीएवढं स्टिकर, वाईट टाक्याला लाल. एक्स्प्रेसने लाल स्टिकरं जमवून आपल्या पिशवीवर फूल केलं.

एकदा एक गिऱ्हाईक बाई आली. तिला म्हणे आमच्या गोधड्यांच्या वाकड्या रेषाच आवडायच्या. हाताचं काम कळतं म्हणाली. ह्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अत्यंत अदबीने सांगितलं, "त्या त्रुटीवर आमचं काम सुरू आहे, मॅडम. पुढच्या लॉटपासून तुम्हाला एकही वाकडी दिसणार नाही." ती बाई पुन्हा दिसली नाही.

सांगायला हवं होतं, हे सगळ्यांनाच कळत होतं. पण सांगायचं म्हणजे त्यांना परत खिडकीत बसवायचं. मग आम्ही आडून आडून सुरू केलं. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही मुलांना गणित का शिकवत नाही? सासूबाईंनी सकाळी चालण्याचे फायदे सांगितले, स्वतः जिना उतरायला तयार नसताना. एक्स्प्रेस म्हणाली, साहेब, मासे पाळा, फार बघण्यासारखे असतात. लेकी बोले सुने लागे म्हणतात. आमच्याकडे लेकीला लागलं, सुनेला लागलं, एक्स्प्रेसलाही लागलं. ज्यांना लागायचं ते फळ्यावर उद्याचं वेळापत्रक लिहीत होते.

अशात गेस्ट हाउसवाली आली. आठ खोल्या, आठ पलंग, आठ गोधड्या. तिची आई ते गेस्ट हाउस चालवायची. आई वारली आणि मागे राहिली पडद्यांची, चादरींची, टेबलक्लॉथची चार गाठोडी. "ह्याच कापडाच्या करा," ती म्हणाली. "बाहेरची एक चिंधीसुद्धा नको. आईनं हे स्वतः धुवून धुवून एवढं मऊ केलंय." मी गाठोड्यात हात घातला. इतकं मऊ कापड पैसे मोजून मिळत नाही. तिचं झालं की तिच्या मैत्रिणीचं मोठं हॉटेल आहे, तेही आपल्याकडेच, असं जाता जाता म्हणाली. म्हणजे हे जमलं तर मी उद्योजिका. नाही जमलं तर हॉलमध्ये चिंध्या घेऊन बसलेली बाई.

मी एका कागदावर लिहिलं: चौकोन सहा इंच, दहा आडवे, पंधरा उभे. आणि लेकीच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी तिच्याबरोबर चार दिवस परगावी गेले. कापायचं मी परत आल्यावर, असं ठरलं होतं. निदान मी ठरवलं होतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. मी पट्टीने कापत नाही. माझा एक पुठ्ठा होता. बारा वर्षांपूर्वी बुटाच्या खोक्यातून कापलेला, कडा तेलकट झालेल्या. तो कापडावर ठेवायचा आणि कापायचं. हा पुठ्ठा साडेसहा इंचांचा होता, कारण जोडताना चारी बाजूंनी पाव पाव इंच शिलाईत आत जातं आणि वर दिसतो तो चौकोन सहा इंच उरतो. हे मला माहीत, सासूबाईंना माहीत, एक्स्प्रेसला माहीत. कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं. शिलाईत कापड जातं हे काय बोलून दाखवायचं?

मी परत आले तेव्हा टेबलावर बाराशे चौकोन रचलेले होते. विटांसारखे. कोपऱ्याला कोपरा, धाग्याला धागा. हे शेजारी उभे, इस्त्रीच्या शर्टात, बक्षीस समारंभाला उभे राहावं तसे.

"तुझा पुठ्ठा चुकलेला होता," ते म्हणाले. "तू कागदावर सहा लिहिलंस आणि तो साडेसहा भरतोय. बारा वर्षं चुकीच्या मापाने कापत होतीस! टाकून दिला मी तो. हे बघ. सहा म्हणजे सहा. एक केसभर इकडेतिकडे नाही."

मी वरचा चौकोन हातात घेतला. माझ्या तळहातावर चौकोन बोटांच्या टोकापर्यंत येतो. हा टोकाच्या अलीकडेच थांबला.

"कसे झालेत?"

गुळगुळीत दाढी. डोळ्यांत बत्तीस वर्षांपूर्वी होती तशी चमक.

"सुंदर," मी म्हणाले.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे, दोघींनी एक्स्प्रेसकडे. एक्स्प्रेसने छताकडे पाहिलं. मग आम्ही, जाणत्या तीन बायकांनी, डोळे उघडे ठेवून ते चौकोन जोडायला घेतले. मनात मी हिशेब करत होते: शिलाई बारीक घेतली तर? दोरा पातळ घेतला तर? मला वाटतं आम्ही तिघीही कापड आपणहून वाढेल अशी वाट बघत होतो.

पाच दिवसांनी पहिल्या गोधडीचा वरचा थर जोडून झाला. आमच्या हॉलच्या फरशीवर मी रंगाने पलंगाचा आकार आखून ठेवला आहे, साठ बाय नव्वद. नवीन पाहुण्यांना वाटतं इथे कुणी मेलंय. त्या आकारावर आम्ही तो थर पसरला. रुंदीला पाच इंच फरशी दिसली. लांबीला साडेसात.

हे कमरेवर हात ठेवून उभे राहिले. फेरी मारली. खाली बसून टेप लावली, उलटी करून परत लावली.

"कापड आटलं," ते म्हणाले.

"आटलंच," मी म्हणाले.

"जुनं कापड आटतंच, साहेब," एक्स्प्रेस म्हणाली.

"हवाही किती कोरडी आहे," सासूबाई म्हणाल्या.

"एवढं आटलं?" लेक कॉलेजची पिशवी घेऊन दारात उभी होती. "कुणी रडलं का त्याच्यावर?" मी तिच्याकडे डोळे वटारले. ती तशीच दारात उभी राहिली.

हे मात्र हुशारले. फळा पुसला आणि वर लिहिलं: आटण्याची चाचणी. मग गंभीर झाले. "म्हणजे हा आपला दोष नाही. मालच सदोष आहे. त्या बाईंना आधी कळवायला हवं, नंतर भांडण नको." आणि माझा फोन उचलला.

"कुणाला कळवताय?"

"गेस्ट हाउसला. असल्या मटेरियलची हमी आपण देऊ शकत नाही, असं सांगतो. स्पष्ट बोललेलं बरं."

फोन लागला. घंटी मला ऐकू येत होती. माझ्या डोळ्यांपुढे ती बाई आली, आईच्या हातचं कापड सदोष आहे हे ऐकताना. मी उठले, गोधडीवर पाय देऊन गेले, जे मी कधी करत नाही, आणि त्यांच्या हातातून फोन घेऊन बंद केला.

"आटलं नाही," मी म्हणाले.

"आत्ता तर सगळ्या म्हणालात!"

"सगळ्या खोटं बोललो."

त्यांनी आईकडे पाहिलं. "मी हवेबद्दल बोलले," सासूबाई म्हणाल्या. "हवा कोरडीच आहे."

मी दोन चौकोन घेतले, कडेला कड लावली, चिमटीत पाव इंच धरलं आणि उघडून दाखवलं. त्यांना पुढे सांगायची गरजच पडली नाही. माणूस मुळात हुशार आहे. माझी चिमूट बघता बघता त्यांचा चेहरा उतरत गेला.

"चारी बाजूंनी," ते म्हणाले.

"चारी बाजूंनी."

"पुठ्ठा बरोबर होता."

"हो."

"मग आता?"

"कापड तर संपलं. आता आठाच्या सहा होतील. आडवे अकरा, उभे सतरा चौकोन घालावे लागतील. दोन पाहुणे कुडकुडतील. मी स्वतः जाऊन तिला सांगणार आहे, चूक आमची."

"पण तुला तर त्याच दिवशी कळलं असणार." त्यांचा आवाज खाली आला. "तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही दाढी केली होती," मी म्हणाले.

ह्यांनी टेप गुंडाळली. एक्स्प्रेस नसलेला दोरा सुईत ओवत होती. लेकीने पिशवी खाली ठेवली. मला वाटलं, चला, झालं. मोठ्या मुश्किलीने का होईना, गाडं निघालं चिखलातून.

आणि ह्यांनी घसा साफ केला. पाठ ताठ केली. फळ्याशी गेले.

"ठीक आहे. चूक लक्षात आली, हे महत्त्वाचं. पुढच्या ऑर्डरपासून साडेसहा. मी चेकलिस्टमध्येच टाकतो, म्हणजे पुन्हा होणार नाही. पुढची ऑर्डर..."

सासूबाईंनी माझ्या पोटरीला चिमटा काढला. सासूच्या हातचा चिमटा, चांगला नखाचा. "बोल," त्या हळूच म्हणाल्या. "मी आई आहे, मला जमायचं नाही. तू बोल."

"पुढच्या ऑर्डरला तुम्ही नसाल," मी म्हणाले.

मार्कर थांबला. "एका चुकीसाठी?"

हो म्हणणं किती सोपं होतं. चुकीसाठी म्हटलं असतं तर ते आठ दिवस रुसले असते, मग माफी मागून, सराव करून, साडेसहा इंचांचा स्टीलचा पुठ्ठा बनवून परत आले असते.

"चूक नसती तरी," मी म्हणाले. "बाराशेच्या बाराशे बरोबर कापले असते ना, तरीसुद्धा. तुम्ही घरात असा. माझ्यासमोर बसा, माझ्याशी भांडा, काय हवं ते करा. खिडकीत बसावंसं वाटलं तर बसा, मी येऊन शेजारी बसेन. पण हे काम मी एकटीने उसवून उसवून शिकलेय हो. मला हे तुमच्याबरोबर करायचं नाहीये."