विजयाबाईंची कॉइल

स्वतःची गाडी बंद पडावी म्हणून देवापुढे दिवा लावणारी बाई अख्ख्या बेलापुरात एकच, आणि ती म्हणजे विजयाबाई. तेही गिऱ्हाईक दारात यायच्या दिवशी!

त्याचं झालं असं. पुण्याहून मुलानं, सुश्रुतनं, फोन केला. "बाबा, विकून टाका ना ती जुनी फियाट." यज्ञेश्वर सर म्हणाले, "तुझ्या आईला विचार." आई म्हणाली, "मला काय, यांना विचार." झालं! दोघांनी एकमेकांचं मन राखलं आणि गाडी विकायची ठरली.

विजयाबाईंना मात्र हे मुळीच नको होतं. सर शाळेतून निवृत्त झाल्यापासून घरात मौनव्रत. पेपरातून डोकं वर काढतील तर शपथ! पण बाजाराला श्रीरामपूरला जाताना स्टिअरिंग हातात आलं की हाच माणूस असा काही सुटायचा! कुठल्या पोरानं काय खोडी काढली, हेडमास्तरांची टोपी कुणी पळवली... विजयाबाई हसून हसून बेजार व्हायच्या. आता तर विक्री ठरल्यापासून गाडी धुऊनपुसून झाकून ठेवलेली, आणि घरात नुसती चिडीचूप शांतता. गाडीबरोबर बोलका नवराही जाणार, या विचारानं त्यांना रडू यायचं.

म्हणून सर ग्रंथालयात गेलेले बघून त्यांनी श्रीरामपूरच्या प्रज्ञाला बोलावून घेतलं. गाडीच्या वायरिंगचं काम तिच्याकडेच असायचं.

"प्रज्ञा, गाडी सुरू झाली पाहिजे, पण वाटेत रुसली पाहिजे. आणि तिला दुखापत नको हो!"

प्रज्ञा खुदकन हसली. "सोपंय काकू. इंजिनात ठिणगी पाडते ना, त्या तुमच्या कॉइलला बाहेरून रेझिस्टर लागत नाही. मी दुसऱ्या जातीची कॉइल बसवते, तिला लागतो." तिनं पिशवीतून चिनीमातीचा एक पांढरा तुकडा काढून दाखवला. "हा. करंटला आवर घालतो. पण हा लावायचाच नाही! कॉइल तापेल, गाडी श्रीरामपूर यायच्या आत बंद पडून बसेल. निवली की परत सुरू."

"यांना कळता कामा नये. शपथ आहे माझी."

"घेतली शपथ," म्हणत प्रज्ञानं तुकडा पिशवीत टाकला.

रविवारी सोनईचे आबासाहेब आले. नवरदेव मिरवायला त्यांना जुनी गाडी हवी होती. ते स्वतःच चालवायला बसले, शेजारी सर, मागे विजयाबाई.

गाडी निघाली. आता बसेल, मग बसेल... कुठलं काय! श्रीरामपूर आलं, गेलं, गाडी नेवाशाच्या रस्त्याला लागली तरी लोण्यातून चालल्यागत पळतेच आहे. विजयाबाईंनी मनातल्या मनात प्रज्ञाचा उद्धार केला. पुढे सरांचीही चुळबुळ चाललेली. "दाबा आबासाहेब, आणखी दाबा! चढावर बघा जरा!" ते सारखे म्हणत होते.

केवढी ती विकायची घाई! विजयाबाईंचा जीव जळला.

"सर, लई भारी!" आबासाहेबांनी गाडी बाजूला घेतली. "आत्ताच घेऊन जातो. ठरलं."

"बॉनेट उघडून बघा आधी!" नवराबायको एका सुरात ओरडले.

बॉनेट उघडलं. विजयाबाई बघतात तो कॉइलशेजारी तोच पांढरा तुकडा, ऐटीत बसलेला! आणि सर डोळे फाडून कॉइलकडे बघताहेत.

"ही नवी कॉइल कुठून आली?"

"हा रेझिस्टर कुठून आला, ते सांगा तुम्ही!"

सरांचे कान लाल झाले. "तू भजनाला गेली होतीस... मी प्रज्ञाला म्हटलं, आपल्या कॉइलला हा जास्तीचा जोडून दे. ठिणगी मरेल, गाडी चढावर धापा टाकेल, आबासाहेब नको म्हणतील. तिला शपथ घातली, तुला सांगू नको म्हणून."

विजयाबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांची कॉइल नुसती असती तर तापली असती. सरांचा रेझिस्टर जुन्या कॉइलवर असता तर ठिणगी मेली असती. दोघांची लबाडी एकमेकांना अशी फिट्ट बसली की गाडीचं सोनं झालं! आणि त्या कार्टीनं दोन्ही शपथा पाळल्या.

आधी संताप आला, मग हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. "अहो, गाडी हवी होती तर बोलला का नाहीत?"

"गाडी झाकून ठेवली होती ना," सर पुटपुटले. "घरात मला कुठं बोलता येतं?"

विजयाबाईंनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं.

"वहिनी, काय बिघाड हाय का?" आबासाहेबांनी काळजीनं विचारलं.

"होता. निघाला आज."

"मग द्या की गाडी!"

"आता तर मुळीच नाही," विजयाबाई म्हणाल्या आणि पुढचं दार उघडून बसल्या. सरांनी स्टिअरिंग धरलं. बिचाऱ्या आबासाहेबांना मागच्या सीटवर बसून हेडमास्तरांच्या टोपीची गोष्ट पार बेलापूरपर्यंत ऐकावी लागली.